गावच्या घराला वायफाय कॅमेरे: सिग्नल, वीज आणि पावसाळा

वाडीकर (धागालेखक)

चिपळूण तालुक्यातलं घर आहे. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, पुढे पत्र्याची पडवी, मागे न्हाणीघर आणि लाकडांची खोप. पडवीपासून गेट १८ मीटर. फायबरचा राउटर माजघरात आहे. जून ते सप्टेंबर घर बंद असतं, बाकीचे महिने आई-बाबा तिथेच असतात.

तीन जागा बघायच्या आहेत: पडवी, मागचं दार आणि गेट. वायफायचे कॅमेरे घ्यायचं ठरवलंय. कंपनी कुठली यापेक्षा बसवताना काय बघायचं ते सांगा. पावसाळ्यात कोणी जाऊन रीस्टार्ट करणार नाही हे धरून चालायचं आहे. फोटो टाकता येत नाहीयेत, त्यामुळे काही विचारायचं असेल तर विचारा.

रेडिओवेडा

कॅमेरा विकत घेण्याआधी एक काम करा. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप टाका, तिन्ही जागी, जिथे कॅमेरा बसणार त्याच उंचीवर फोन धरा आणि २.४ गिगाहर्ट्झचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं माप) लिहून घ्या. दारं-खिडक्या बंद करून मोजा, कारण घर बंद असणार आहे. आयफोन असेल तर अशी अ‍ॅप चालत नाहीत. अ‍ॅपलच्या एअरपोर्ट युटिलिटीत वायफाय स्कॅनर सेटिंगमधून चालू करता येतो.

आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत बिनघोर. उणे ७० च्या खाली गेलं की थेट चित्र अडकायला लागतं, उणे ७५ च्या पलीकडे कॅमेरा दिवसातून अनेकदा ऑफलाइन दिसेल. फोनपेक्षा कॅमेऱ्याचा अँटेना बहुतेकदा कमजोर असतो, त्यामुळे फोनवर उणे ६५ दिसलं तर कॅमेऱ्याला उणे ७० धरा. शिवाय पावसाळ्यात जांभा पाणी पितो. ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी पडतो, म्हणून उन्हाळ्यात मोजताना हातचं राखून मोजा.

पत्रा आणि लोखंडी ग्रिल दोन्ही सिग्नल अडवतात. पत्र्याच्या वर किंवा पत्र्याला चिकटून कॅमेरा नको.

तारतम्य

सिग्नलचं रेडिओवेडा बघतील. मी विजेचं सांगतो, कारण "कॅमेरा खराब निघाला" म्हणून परत आलेल्या मालात निम्मी भानगड अडॉप्टर आणि वायरची असते.

घरातले छोटे कॅमेरे ५ व्होल्टचे, यूएसबी वायरवर चालणारे. बाहेरचे बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअरचे. ५ व्होल्टचा कॅमेरा बाहेर लांब वायरीने लावू नका. हिशोब असा: बाजारात मिळणाऱ्या बारीक यूएसबी वायरीत २८ गेजची तार असते, तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम. ५ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार, २.१ ओहम. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला तर १ व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गेला. कॅमेऱ्यापर्यंत ३.९ व्होल्ट पोचतात. दिवसा कसाबसा चालतो, अंधार पडून इन्फ्रारेड एलईडी लागले की ओढ वाढते आणि तो रीस्टार्ट होतो. रीस्टार्ट झाला की पुन्हा एलईडी, पुन्हा रीस्टार्ट. रात्रभर हेच. "फक्त रात्री ऑफलाइन जातो" अशी तक्रार आली की आधी वायर तपासा, वायफाय नंतर.

१२ व्होल्टला हाच तोटा कमी जाणवतो, पण वायर जाडच घ्या. २० मीटरला १ चौरस मिमी तांब्याची दुपदरी वायर वापरली तर १ अँपिअरला साधारण ०.७ व्होल्ट पडतो, ११.३ पोचतात, चालतं. तीच वायर ०.२ चौरस मिमीची घेतलीत तर साडेआठच्या आसपास पोचतील आणि वर लिहिलेला रात्रीचा खेळ सुरू.

आता बंद घराबद्दल. गावाला घर बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असते. कॅमेरे आणि राउटरसाठी मेन स्विच पाडला तरी चालू राहील अशी वेगळी लाइन काढा, तिला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी. आणि घराला एकच आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर पावसाळ्यात न्हाणीघरातल्या गिझरच्या किंवा बाहेरच्या दिव्याच्या ओलीने गळती होऊन तो पडतो, मग सगळं घर बंद आणि राउटरही बंद. कॅमेऱ्याच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावला तर बाकीचं पडलं तरी ही लाइन चालू राहते. वायरमनला "आरसीबीओ, एक फेज एक न्यूट्रल, ३० मिलिअँपिअर" असं लिहूनच द्या.

वाडीकर

मोजून आणले. दारं बंद असताना पडवी उणे ७१, मागचं दार उणे ८२, गेट उणे ८८. फोन अँड्रॉइड. राउटर एकच, वरच्या फडताळात. जुना एक राउटर मुंबईला पडून आहे, तो उपयोगी पडेल का? की रिपीटर घेऊ?

रेडिओवेडा

उणे ८२ ला कॅमेरा जोडला जाईल आणि तुम्हाला वाटेल झालं काम. तिथेच फसगत होते. जोडलं जाणं वेगळं आणि रात्रंदिवस टिकणं वेगळं.

रिपीटर नको. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. वीज जाऊन आल्यावर राउटर उठायच्या आधी रिपीटर उठला की काही वेळा तो तसाच लटकतो. बंद घरात हे परवडणार नाही. तरी घ्यायचाच असेल तर कॅमेऱ्याजवळ लावू नका. राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ असेल अशा जागी, मधे लावा.

जुना राउटर आणा. माजघरातून पडवीत कॅट-६ केबल टाका (१०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पंधराही लागणार नाहीत). मग:

जुना राउटर फॅक्टरी रीसेट करा. त्याचा आयपी पत्ता बदला, मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. त्यातलं डीएचसीपी बंद करा, हे विसरलात तर दोन राउटर पत्ते वाटत बसतील. केबल दोन्हीकडे लॅन पोर्टलाच लावा, वॅन पोर्टला नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवा. २.४ चा चॅनल एकाला १ दिलात तर दुसऱ्याला ६ किंवा ११. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवून कॅमेऱ्याला काही फायदा नाही, गडबड मात्र जास्त ओढवून घ्याल. सुरक्षा डब्ल्यूपीए२, किंवा २ आणि ३ मिश्र. नुसता डब्ल्यूपीए३ ठेवला तर बरेच कॅमेरे जोडलेच जात नाहीत.

जुना राउटर पडवीत भिंतीच्या आतल्या बाजूला, माळ्याजवळ ठेवा. तिथून गेटला मधे भिंत नाही, फक्त मोकळं अंगण. मागच्या दारासाठी पुन्हा मोजा. उणे ७० च्या आत आलं नाही तर मागे दुसरी केबल.

खडखडाट

केबलच टाकताय तर वायफाय कशाला? पीओई कॅमेरे घ्या. एकाच कॅट-६ मधून वीज आणि चित्र दोन्ही, ४८ व्होल्ट असल्याने वाटेत पडतही नाही. ८०२.३एएफ स्विचच्या एका पोर्टला १५.४ वॅट निघतात, कॅमेऱ्याला १२.९५ पोचतात, छोट्या कॅमेऱ्याला ६-७ सुद्धा पुरतात. चॅनल, डीबीएम, रिपीटर, कसली भानगड नाही. मागचं दार आणि पडवी दोन्हीकडे तुम्ही तशी वीज नेणारच आहात.

तारतम्य

पडवी आणि मागचं दार, दोन्हीबद्दल खडखडाट यांच्याशी सहमत. छपराखाली आहेत, घराच्या भिंतीवर आहेत, पीओई चांगलंच. पण दोन कॅमेऱ्यांसाठी स्विच, केबल ओढणं, भिंतीतून दोन भोकं असा खर्च होतो. वायफाय कॅमेऱ्याला वीज तरी न्यावीच लागते, ती भोकं टळत नाहीत, हेही खरं.

गेटला मात्र नाही. १८ मीटर तांब्याची केबल अंगणातून गेटच्या खांबापर्यंत नेली आणि मे महिन्यात जवळपास कुठे वीज कोसळली, तर त्या केबलीत चढलेला दाब थेट स्विचमध्ये, तिथून राउटरमध्ये येतो. गेटचा एक कॅमेरा वाचवायला जाऊन घरातलं सगळं घालवायचं. सर्ज प्रोटेक्टर लावता येतो, पण त्याला नीट अर्थिंग लागतं, आणि जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थिंगचा रोध कमी आणणं सोपं नाही. गेटचा कॅमेरा घराशी तारेने जोडलेलाच नको. तिथे वायफाय आणि स्वतःची वीज, म्हणजे सोलर.

खडखडाट

फायबर टाका मग. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) दोन बाजूंना.

तारतम्य

कन्व्हर्टरला गेटजवळ वीज लागणारच. फिरून तिथेच.

निशाचर

गेटबद्दल सगळे तारांवर भांडताहेत, पण तिथून दिसणार काय हे कोणी विचारलंच नाही.

माणूस ओळखू येण्यासाठी किती पिक्सेल लागतात याचे आकडे आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत आहेत. कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल, काय करतोय ते दिसायला ६२ च्या आसपास, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी चेहऱ्याची ओळख पटवायला २५०.

साधारण वायफाय कॅमेऱ्याला २.८ मिमीची लेन्स असते, ती आडवी १०० अंश बघते. म्हणजे जितकं अंतर, त्याच्या २.४ पट रुंदी चित्रात मावते. २ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. चेहरा ओळखायला ते ७.७ मीटरपेक्षा जास्त रुंदीवर पसरता कामा नये, आणि ते गणित येतं ३.२ मीटर अंतराला. त्यापलीकडे चेहरा पुसट. पडवीतून १८ मीटरवरच्या गेटकडे बघितलं तर मीटरला ४५ पिक्सेल मिळतात: कोणीतरी आलं, शर्ट पांढरा, बस.

मेगापिक्सेल वाढवून फार फरक पडत नाही. ४ मेगापिक्सेलला (२५६० रुंद) तेच ६० होतात. लेन्स बदला: ८ मिमीची लेन्स साधारण ४० अंश बघते, तिने ४ मेगापिक्सेलमध्ये त्याच गेटवर मीटरला १९५ पिक्सेल मिळतात. ओळखीचा माणूस नक्की ओळखाल. पण अंगणाच्या कडा दिसणार नाहीत. म्हणून एक तर पडवीत रुंद आणि लांब असे दोन कॅमेरे, नाहीतर गेटच्या खांबावर स्वतंत्र. दुकानात "झूम आहे" म्हणतात तो बहुतेक वेळा डिजिटल झूम, म्हणजे तेच पिक्सेल मोठे करून दाखवायचे.

उंची ८ ते १० फूट. चोरांच्या हाताला लागू नये म्हणून १४ फुटांवर लावलात तर टोप्या आणि टकलं मोजत बसाल.

रात्रीचं: ८५० नॅनोमीटरच्या एलईडी अंधारात मंद लाल दिसतात आणि लांब जातात, ९४० च्या दिसत नाहीत पण पल्ला कमी. पडवीच्या पत्र्याला किंवा पांढऱ्या भिंतीला लागून कॅमेरा असेल तर तो प्रकाश भिंतीवरून परतून लेन्समध्ये येतो आणि बाकी चित्र काळं होतं. भिंतीपासून जरा पुढे, खाली झुकवून लावा. खिडकीच्या काचेमागे ठेवून बाहेर बघणारा कॅमेरा रात्री स्वतःचंच प्रतिबिंब बघतो.

शेवंती

अँगल होल्डरमधला बल्ब कॅमेरा घेऊ का असं पुढे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. घेऊ नका. एक तर त्याचा पेच ई२७ असतो आणि आपले होल्डर बी२२, मधे अडॉप्टर लागतो, तो सैल बसतो. दुसरं, त्या दिव्याचं बटण घरातलं कोणीही सवयीने बंद करतं. झाला कॅमेरा बंद.

पावसाबद्दल. खोक्यावर आयपी६६ किंवा आयपी६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्याच्या डब्याचं. त्यातून बाहेर आलेल्या वेणीचं, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेल्या पिनेचं आणि लॅनच्या सॉकेटचं नव्हे. कोकणात कॅमेरे तिथूनच मरतात. जोड हिरवा पडतो, मग कॅमेरा अधूनमधून बंद, मग कायमचा. करायचं असं: ४ बाय ४ इंची पीव्हीसी जंक्शन बॉक्स आधी भिंतीला, त्याच्या झाकणावर कॅमेरा. सगळे जोड बॉक्सच्या आत. वायर बॉक्समध्ये खालूनच आत घ्या, वरून कधीच नाही. आत जाण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. बॉक्सच्या वरच्या आणि दोन्ही बाजूच्या कडेला सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्यात तर आत साठलेली वाफ बाहेर पडत नाही. न वापरलेल्या लॅन सॉकेटची रबरी टोपी फेकू नका, लावून त्यावर सेल्फ-अमल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) ताणून गुंडाळा. साधी काळी टेप पहिल्या पावसात सुटते.

स्क्रू स्टीलचे, ३०४ ग्रेड. समुद्राच्या अगदी जवळ असाल (गुहागर, हर्णै) तर ३१६.

आणि कुंभारीण माशी. घर बंद असताना मायक्रोफोनच्या भोकात आणि ब्रॅकेटच्या सांध्यात मातीचं घर करते. लेन्ससमोर कोळ्याचं जाळं हा तर रोजचाच प्रकार, रात्री इन्फ्रारेडमध्ये एकच धागा पांढऱ्या दोरखंडासारखा दिसतो आणि हलला की सूचना येते. पडवीचा रात्रभर जळणारा दिवा कॅमेऱ्यापासून लांब हलवलात तर किडे कमी, जाळी कमी, पाल कमी.

जर्सीवासी

गेटच्या सोलर कॅमेऱ्याबद्दल. हे कॅमेरे सतत रेकॉर्ड करत नाहीत. झोपलेले असतात, पीआयआर सेन्सरने उष्णतेची हालचाल टिपली की जागे होतात. जागं व्हायला एखादा सेकंद जातो. म्हणून बसवताना माणूस कॅमेऱ्यासमोरून आडवा जाईल असं बघा. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा पीआयआरला उशिरा दिसतो. भर उन्हाळ्यात, अंगण आणि भिंत ३५ अंशाच्या वर तापलेली असताना माणूस आणि मागची भिंत यांच्या उष्णतेत फरकच उरत नाही, मग सेन्सर आंधळा. काचेतून पीआयआर अजिबात चालत नाही.

बॅटरीवर "१०,००० एमएएच" असेल तर ते ३.७ व्होल्टला, म्हणजे ३७ वॅट-तास. कॅमेरा जागा असताना दीड ते दोन वॅट घेतो असं धरलं तर एकूण अठरा ते चोवीस तासांचं चित्रण, तेही झोपेतला वापर वेगळा. मे अखेरीस बॅटरी पूर्ण भरून ठेवा, क्लिपची लांबी १० सेकंदांवर आणा, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या झोनमधून वगळा. पॅनल दक्षिणेकडे, चिपळूणला १७-१८ अंशांचा उतार पुरे. सपाट ठेवू नका, धूळ आणि पक्ष्यांची घाण पावसाने धुऊन जायला उतार लागतोच. आंब्या-फणसाची सावली दहा ते तीनच्या मधे पॅनलवर पडत नाही ना, एवढं बघा. पॅनलचा काही भाग झाकला तरी उत्पादन प्रमाणाबाहेर पडतं.

इकडे अमेरिकेत उलटा त्रास: शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज होत नाही, जानेवारीत ऊन असूनही टक्के उतरत जातात. वरच्या टोकाला ४५ अंशांच्या पुढेही चार्जिंग थांबतं, त्यामुळे विदर्भात पॅनल उन्हात आणि कॅमेरा सावलीत ठेवावा.

परदेशातून गावचे कॅमेरे बघणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळा. खातं उघडताना देश भारत निवडा. काही अ‍ॅपमध्ये भारतात विकलेला कॅमेरा दुसऱ्या देशाच्या खात्याला जोडता येत नाही. आणि कॅमेऱ्याचा टाइम झोन हाताने +५:३० करा, नाहीतर फोनचा घेतला जातो.

पेटीखालची किल्ली

आता खात्याचं. गावात दुकानदार कॅमेरा बसवून देतो तेव्हा घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरावर खातं उघडतो आणि तुम्हाला "शेअर" करून देतो. म्हणजे मालक तो, पाहुणे तुम्ही. उद्या तो काढून टाकू शकतो, आणि तोवर तुमची पडवी त्याला दिसते. तपासायचं सोपं: अ‍ॅपमध्ये फर्मवेअर अपडेट आणि शेअरिंगचे पर्याय तुम्हाला दिसत नसतील तर मालकी तुमची नाही. त्याच्याकडून कॅमेरा त्याच्या खात्यातून काढून घ्या, मग रीसेट करा. नुसता रीसेट पुरत नाही, सर्व्हरवर कॅमेरा जुन्या खात्यालाच बांधलेला असतो. जुना, वापरलेला कॅमेरा घेतानाही हेच.

आई-बाबांना, भावंडांना पासवर्ड देऊ नका, शेअरिंग द्या. दुहेरी पडताळणी चालू करा. राउटरमधलं यूपीएनपी (बाहेरून आत येणारी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद, पोर्ट फॉरवर्डिंग (तीच वाट हाताने उघडणं) करू नका. अ‍ॅपला त्याची गरज नसते. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने ६० च्या आसपास कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या यादीवर लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) कंपनीची डीएनएस सेवा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी) पाडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

भारतात सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या करणारी अधिसूचना ९ एप्रिल २०२४ ला निघाली आणि मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. खोक्यावर आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा.

शेवंती

जोडणी करतानाची पायरी राहिली. कॅमेरे भिंतीवर चढवण्याआधी माजघरात टेबलावर जोडा.

फोनचं व्हीपीएन बंद, मोबाइल डेटा बंद, लोकेशनची परवानगी चालू. राउटरमध्ये २.४ आणि ५ चं नाव एकच असेल तर ५ तात्पुरतं बंद करा, जोडून झालं की पुन्हा चालू. कॅमेरा लावा, "सेटअपसाठी तयार" असं बोलेल किंवा दिवा लुकलुकेल. नाहीतर रीसेटचं भोक पिनेने दाबून धरा. क्यूआर कोड दाखवायचा प्रकार असेल तर फोनची चमक पूर्ण वाढवून लेन्सपासून १५-२० सेंटीमीटरवर धरा. फोनवर तडा गेलेला टेम्पर्ड ग्लास असेल तर कोड वाचला जात नाही. वायफायच्या नावात देवनागरी अक्षरं किंवा पासवर्डात विचित्र चिन्हं असतील तर काही कॅमेरे "पासवर्ड चुकीचा" म्हणून अडतात. गेस्ट नेटवर्कवर कॅमेरे ठेवणं चांगलं, पण जोडणीच्या वेळी फोनही त्यावरच हवा, आणि आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू असेल तर अ‍ॅपला कॅमेरा सापडत नाही.

मग लगेच फर्मवेअर अपडेट, मेमरी कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट आणि एक रात्र टेबलावर चालू ठेवा. नंतर शिडी.

रेडिओवेडा

यात एक भर: वायफायचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. केबलवाल्याने राउटर बदलला तर नव्यात अक्षर न अक्षर तेच नाव, तोच पासवर्ड घालायला सांगा. सगळे कॅमेरे आपोआप परत जोडले जातात. नाहीतर प्रत्येकासाठी शिडी.

निशाचर

कार्डाचा हिशोब. मेगाबिट प्रति सेकंद गुणिले १०.८ म्हणजे दिवसाला इतके जीबी. २ मेगापिक्सेल, एच.२६५ (चित्रण दाबून साठवायची पद्धत), १ मेगाबिटवर १०.८ जीबी, १२८ जीबीचं कार्ड ११-१२ दिवस पुरतं. दीड मेगाबिटला जेमतेम आठ. मग जुनं पुसून नवं. साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर जातं, "हाय एंड्युरन्स" लिहिलेलं घ्या. बनावट कार्ड भरपूर आहेत: १२८ दाखवतात, आत ८ असतात. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण भरून तपासा, मगच कॅमेऱ्यात घाला.

क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग ठेवलंत तर दीड मेगाबिटला महिन्याला एका कॅमेऱ्याचे ४८६ जीबी वर जातात. फायबरच्या प्लॅनला महिन्याची ३.३ टीबी मर्यादा असेल तर तिच्यात तीन कॅमेरे बसतात. सिमवाल्या ४जी कॅमेऱ्याला हे झेपणार नाही: १ मेगाबिटचं थेट चित्र तासाला ४५० एमबी खातं, दिवसाचा दीड जीबी सव्वातीन तासांत संपतो.

घरफोडी झालीच तर पहिलं काम कार्ड काढून ठेवणं, कारण लूपमध्ये ते पुसलं जाणार असतं. घर बंद असेल तर अ‍ॅपमधून त्या वेळेचा भाग लगेच उतरवून घ्या.

कलमकसाई

कायद्याचं थोडक्यात. चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५ब), त्यात हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येतं. म्हणून मूळ फाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली नव्हे, तिथे ती दाबली जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर समोरचा वकील तिथेच धरतो.

शेजाऱ्याचं न्हाणीघर, खिडकी, विहीर चित्रात येत असेल तर अ‍ॅपमधला प्रायव्हसी मास्क (तेवढा भाग झाकणारा) लावा. एखादी स्त्री खासगी स्थितीत चित्रित झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ पर्यंत गोष्ट जाऊ शकते. सामायिक घर असेल, चुलत्यांचा हिस्सा असेल तर त्यांची संमती घ्या. राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यांचं काय सांगावं! (अवांतर, पण धाग्यात तोच विषय पेटायचा, म्हणून थांबतो.)

वाडीकर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. ठरलं ते असं: पडवीत जुना राउटर केबलवर, पडवी आणि मागचं दार १२ व्होल्टचे वायफाय कॅमेरे, गेटला सोलर. दोन शंका उरल्या. वीज गेल्यावर राउटर किती वेळ टिकवता येईल? आणि राउटर हँग झाला तर? घरात इन्व्हर्टर नाही. शिवाय जांभ्यात स्क्रू धरतो का?

तारतम्य

मिनी यूपीएस मिळतात, १२ व्होल्टचे. त्यांच्यावरचे १०,००० एमएएचही ३.७ व्होल्टचेच, जर्सीवासींनी लिहिलं तसे ३७ वॅट-तास. बदलण्यातला तोटा काढून ३१ उरतात. फायबरचा राउटर खऱ्या वापरात ७ वॅट घेत असेल तर साडेचार तास. पडवीतला जुना राउटर वेगळ्या यूपीएसवर, आणि त्याचा अडॉप्टर ९ व्होल्टचा आहे की १२ चा हे आधी बघा, पिन सारखीच असते. कॅमेऱ्यांनाही हवं असेल तर एक इन्व्हर्टर परवडेल. तुमच्याकडे वीज असूनही केबलवाल्याच्या स्विचला नसेल तर इंटरनेट जाईलच. त्या वेळात कॅमेऱ्यांना वीज मिळत असेल तर कार्डावर चित्रण चालू राहतं, नेट आल्यावर बघता येतं.

हँगसाठी राउटरच्या सेटिंगमध्ये रीबूट शेड्यूल असेल तर पहाटे ४ ला लावा. नसेल तर डिजिटल टायमर सॉकेट घ्या, आत बॅटरी असलेला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा फिरता टायमर वीज गेली की तितकाच मागे पडतो, चार महिन्यांत पहाटेची वेळ भर दुपारवर येईल. आणि यूपीएस टायमरच्या पुढे असेल तर राउटर बंदच होणार नाही. म्हणजे टायमर यूपीएस आणि राउटरच्या मधे, १२ व्होल्टच्या बाजूला बसायला हवा, तसे डीसी टायमर रिले मिळतात. ते जमत नसेल तर राउटरचं स्वतःचं शेड्यूलच बरं.

शेवंती

जांभ्यात ६ मिमीची छोटी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) धरत नाही, दगड भुसभुशीत, भोक मोठं होतं. ८ मिमीची, ६० मिमी लांबीची नायलॉन गिट्टी घ्या. हॅमर बंद ठेवून नुसत्या फिरत्या ड्रिलने भोक पाडा, फुंकून पूर्ण साफ करा. गिलावा असेल तर त्याची जाडी सोडून दगडात किमान ४५ मिमी गिट्टी गेली पाहिजे. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडू नका, तिथला जुना चुना सरळ बाहेर येतो. जमलं तर पडवीच्या लाकडी वाशाला जंक्शन बॉक्स लावा, स्क्रू थेट बसतो आणि भोकातून पाणी शिरायचा प्रश्नही उरत नाही.